जीन्स आपल्या मापाची

कुणाचा एक कान रेडिओकडे आणि हात परातीत असेल, कुणी शेंगा फोडत बसली असेल. चालू द्या तुमचं काम. आज हप्ता, व्याज आणि पासबुकाला सुट्टी. आज बोलायचंय जीन्स पँटबद्दल. हसलात ना? हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

गटाच्या बैठकांना गावोगाव फिरते, तेव्हा हा विषय आता सारखा निघतो. कुणाची लेक कॉलेजला जाते, कुणाची भरतीच्या तयारीला लागलीय. कुणी कामासाठी स्कूटीवर पाच-पाच गावं पालथी घालते आणि पदर चाकात जाईल म्हणून धास्तावते. आमच्या एका गटातल्या ताईंना एमआयडीसीत काम लागलं. तिथे पँट-शर्ट घालावा लागतो. त्यांनी बाजारातून दोन जीन्स आणल्या. एक मांडीतच अडकली. दुसरी मांडीतून वर गेली, पण कमरेला मागे एवढी फट राहिली की आत मूठ जाईल. दोन बाळंतपणं झालेली ती बाई मला म्हणाली, "ताई, माझं अंगच बेढब आहे. मला नाही जमायचं ते काम." पँट बसेना म्हणून बाई पगार सोडायला निघाली होती!

त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. अंग बेढब नव्हतं. जीन्स दुसऱ्याच मापाची होती. ब्लाउज शिवताना शिंपीकाका तुमचं माप घेतात, म्हणून तो अंगाला बसतो. जीन्स मात्र कारखान्यात कापडाचे थर एकावर एक ठेवून एकाच साच्याने कापतात. कंबर एवढी असेल तर सीट एवढी, असा हिशेब त्या साच्यात आधीच धरलेला असतो. आपलं अंग त्या हिशेबात बसलं नाही, तर चूक साच्याची. साचा आपल्याला बदलता येत नाही, पण आपलं माप ओळखून जीन्स निवडता येते.

कुणी म्हणेल, हे परदेशी खूळ आपल्याला कशाला? गोष्ट ऐका. अमेरिकेत रीनो नावाच्या गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याची पँट टिकत नाही, मजबूत शिवून द्या म्हणाली. त्याने खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिबिटी ठोकल्या. पुढे लेव्ही स्ट्रॉस या कापडाच्या व्यापाऱ्याबरोबर २० मे १८७३ रोजी त्याला या युक्तीचं पेटंट मिळालं. म्हणजे जीन्स ही मुळात कष्टकऱ्यांची पँट, आणि ती मागायला गेली एक बाई. पण त्याच कंपनीने बायकांसाठी वेगळी जीन्स काढली ती थेट १९३४ साली! आणखी एक गंमत. कामाच्या जाड सुती कपड्यांना इंग्रजीत डंगरी म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय. तिथलं जाडंभरडं कापड परदेशी जायचं. आज आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या उल्हासनगरात जीन्स शिवणारे कितीतरी छोटे कारखाने आहेत. आणि आपल्या आज्या काष्टा घालून भातलावणी करायच्याच की. दोन पायांत विभागलेलं वस्त्र आपल्याला नवं नाही. ज्यांना साडी आवडते त्यांनी साडीच नेसावी. पण जिला जीन्स घालायची आहे, तिने अंगाला नावं ठेवून मागे राहू नये.

आता कामाचं बोलू. वही-पेन्सिल घ्या. पाच मापं लिहायची आहेत. टेप नसेल तर न ताणणारा दोरा घ्या, गाठ मारा आणि तो पट्टीवर मोजा.

पहिलं माप कंबर. बेंबीच्या थोडं खाली, जिथे पँटचा पट्टा बसणार तिथे मोजा. पोट आत ओढू नका, दिवसभर कुणी पोट ओढून राहत नाही. दुसरं सीट. पाय जुळवून उभ्या राहा आणि मागचा सगळ्यात भरलेला भाग धरून गोल मोजा. तिसरं मांडी, जिथे जास्त जाड आहे तिथे. चौथं आसन, म्हणजे पुढून कंबरपट्ट्यापासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतचं अंतर. पाचवी आतली उंची, त्या शिवणीपासून घोट्यापर्यंत.

जीन्सवर २८, ३०, ३२ असे आकडे असतात. ते कमरेचे इंच म्हणून लिहितात, पण एका कंपनीची ३२ दुसऱ्या कंपनीच्या ३२ पेक्षा लहान-मोठी निघते. तो आकडा म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत, की कमी-जास्त झाले म्हणून मान खाली घालावी. आठवडी बाजारात पँट घालून बघायची सोय नसते. तिथे टेप पिशवीतच ठेवा. जीन्सचं बटण लावून ती सपाट पसरा, कंबरपट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. सीटही तशीच मोजा. घरात नीट बसणारी एखादी पँट असेल तर तीच घेऊन जा आणि नव्या जीन्सवर ठेवून बघा. फोनवरून मागवत असाल तर फोटो बघून भुलू नका. खाली मापांचा तक्ता असतो तो बघा. तक्ता सेंटीमीटरमध्ये असेल तर एक इंच म्हणजे सुमारे अडीच सेंटीमीटर. आणि बसली नाही तर परत घेतात का, ते आधी वाचा.

आता अंगाची ठेवण. मासिकांत बायकांना पेर, सफरचंद अशी फळांची नावं देतात. आम्ही गटात बसून हसत-हसत आपल्या घरातली नावं शोधली.

पहिली सुरई. वर बारीक, खाली भरलेली. आपल्याकडे अशा बायका पुष्कळ. यांना मांडीत अडकणं आणि कमरेला फट पडणं, हाच त्रास. एमआयडीसीतल्या ताई यातल्याच. यांनी जीन्स कमरेवरून घ्यायचीच नाही, सीट आणि मांडीवरून घ्यायची. कंबर शिंप्याकडून आत घेता येते. मांडी मात्र वाढवता येत नाही, कारण आत तेवढं कापडच नसतं. पाय सरळ असलेली, नाहीतर गुडघ्याखाली थोडी रुंद होणारी बूटकट जीन्स घ्या. रंग गडद आणि एकसारखा असू द्या. मांडीवर पांढरट पट्टे असलेली जीन्स नको, नजर तिथेच जाते.

दुसरी कणगी. पोटाशी भरलेली, पाय बारीक. बाळंतपणानंतर, वय वाढल्यावर बऱ्याच जणींचं असं होतं. कणगी भरलेली असणं ही आपल्याकडे चांगलीच गोष्ट! यांनी कमरेला उंच आणि पट्टा रुंद असलेली जीन्स घ्यावी. खाली बसणाऱ्या जीन्सचा पट्टा पोटाखाली काचतो आणि पोट वरून बाहेर येतं. पुढे जास्त चुण्या, मोठी बक्कलं नकोत. पाय सरळ हवा, तळाशी अगदी चिकटलेला नको. मागे सपाट असेल तर मागचे खिसे मोठे, झाकणाचे बघा, भरल्यासारखं दिसतं.

तिसरा ऊस. वरपासून खालपर्यंत सरळ आणि सडपातळ. कॉलेजच्या बऱ्याच मुली अशा. यांना पायाशी बसणारी स्लिम जीन्स शोभते. फिका रंग, खिशांवर शिवणकाम, कमरेला पट्टा, सगळं चालतं. खूप ढगळ घेतली तर मात्र काठीवर पोतं टांगल्यासारखं दिसतं.

चौथा भोवरा. खांदे, छाती रुंद आणि कंबरेखाली निमुळतं. कष्टाची कामं करणाऱ्या, खेळणाऱ्या मुलींत हे दिसतं. यांनी तळाशी रुंद जीन्स घ्यावी, फिक्या रंगाचीही चालेल. म्हणजे खाली-वर तोल साधतो.

पाचवा डमरू. वर-खाली भरलेली, मध्ये बारीक. उंच कमरेची, थोडी ताणली जाणारी जीन्स घ्या. सुरईसारखीच कंबर आत घ्यावी लागेल.

उंचीचंही बघा. ठेंगण्या बाईने तळाला मोठी घडी घालू नये, पाय अजून आखूड दिसतात. घोट्यापर्यंतची घ्या किंवा खालून आखूड करून घ्या. उंच बाईने गुडघा बघावा. जीन्सचा गुडघा आपल्या गुडघ्याच्या वर राहत असेल तर ती आपली नव्हे. वरून कुर्ती घालणार असाल तर ती सीटच्या सगळ्यात रुंद भागावर संपू देऊ नका. थोडी वर तरी हवी, नाहीतर मांडीच्या मध्यापर्यंत खाली.

कापड कसं ओळखायचं? आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. शंभर टक्के कॉटन असेल तर ती टिकाऊ, पण सुरुवातीला कडक आणि पहिल्या धुण्यात थोडी आटणारी. अशी जीन्स आधी धुवा, मगच उंची कमी करा. ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलास्टेन असेल तर ती थोडी ताणली जाते. अशी जीन्स घालून-घालून सैल होते, म्हणून घेताना अंगाबरोबर घ्या, ढगळ नको. ताणणाऱ्या जीन्सला धोपाटणं लावू नका. उलटी करून, गार पाण्यात, वेगळी धुवा आणि सावलीत वाळवा.

जीन्स घातल्यावर आरशापुढे नुसत्या उभ्या राहू नका. आपलं आयुष्य काही उभ्याने जात नाही. चार गोष्टी करून बघा. उकिडव्या बसा. जमिनीवर मांडी घाला. एक उंच पायरी चढा, एसटीत चढल्यासारखी. आणि वाकून खालची वस्तू उचला. मागून कंबर उघडी पडली तर आसन कमी आहे. मांडीवर आडव्या सुरकुत्या ताणल्या गेल्या तर मांडी घट्ट आहे. बटण लावून पट्ट्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

घट्टपणाचं थोडं गांभीर्याने सांगते. कमरेला फार आवळलेल्या जीन्सने मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिर वाटतं. तिथे जाणारी नस दाबली जाते म्हणून. उन्हाळ्यात घट्ट जीन्समध्ये घाम साचून जांघेत गजकर्ण होतं. ओली जीन्स घालू नका. खाज सुटली तर दुकानातलं कुठलंही मलम न लावता आरोग्य केंद्रात दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि खिसा! बायकांच्या जीन्सचे खिसे पुष्कळदा एवढेसे असतात, काहींना तर नुसती खोटी शिवण असते. हात घालून बघा. आपण आजवर पैसे कनवटीला नाहीतर ब्लाउजमध्ये ठेवत आलो. फोन आणि चार नोटा मावतील असा स्वतःचा खिसा मागून घ्या.

आता गटांसाठी एक गोष्ट. जीन्सची कंबर आत घेणं, उंची कमी करणं, साखळी बदलणं हे काम गावात करणारं कुणी असतंच असं नाही, लोक तालुक्याला जातात. शिलाई मशीन असलेल्या मैत्रिणींनो, जाड कापडाला १६ किंवा १८ नंबरची सुई आणि जाड दोरा लागतो, टाका थोडा मोठा ठेवावा लागतो. आधी जुन्या जीन्सवर हात बसवा. जिथे शिवणींचे थर एकत्र येतात तिथे चाक हाताने फिरवा, सुई तुटत नाही. एमआयडीसीतल्या ताईंची दुसरी जीन्स गटातल्याच मैत्रिणीने कमरेला आत घेऊन दिली. आज त्या कामावर जातात.

शेवटी आयांना एक सांगणं. वयात येणारी लेक जीन्स घालून समोर आली, की आपल्या तोंडून पटकन जातं, "किती जाडी दिसतेस!" नाहीतर, "काडीला कापड गुंडाळलंय नुसतं!" आपण विसरतो, पण ती विसरत नाही. त्या दिवसापासून ती ओढणी पोटावर धरून चालायला लागते. तिला एवढंच विचारा, "बाळा, बसता येतंय का? काचत नाही ना?" तिला आपल्या अंगाची लाज वाटली नाही, तर ती मैदानावरही उतरेल आणि मुलाखतीलाही जाईल.

तर पुढच्या बैठकीला वहीबरोबर एक टेपही न्या. एकमेकींची पाच मापं घ्या आणि ज्या-त्या बाईला तिचा कागद द्या. तो पाकिटात ठेवा, बाजारात कामाला येईल. काही अडलं तर रेडिओवर फोन करा, मला सांगतील. येते मी. नमस्कार.