सात बेटांची मुंबई



मागच्या आठवड्यात रात्रीच्या वर्गात एका आजींनी मला एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा मुंबईला हमालीच्या कामावर आहे. आजी म्हणाल्या, "गुरुजी, मुंबई समुद्राच्या काठावर हाय, का समुद्रात हाय?"

वर्गातले काहीजण हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आजींनी तो का विचारला, ते शेवटी सांगतो. आधी उत्तर ऐका. मुंबई आज काठावर दिसते. पण एके काळी ती खरोखरच समुद्रात होती. ती एक नव्हती. सात होती!

बेट म्हणजे काय?

आपला पाझर तलाव भरला, की मधला उंचवटा कोरडा राहतो. चहूकडे पाणी, मध्ये जमीन. त्यालाच बेट म्हणतात.

आता भिंतीवरचा नकाशा पाहा. नगरवर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरवर, बोट ठेवा. बोट सरळ मावळतीकडे न्या. सुमारे 200 किलोमीटरवर मुंबई लागते. मध्ये सह्याद्री आडवा आहे. घाट उतरला की कोकण, अन् कोकणाच्या कडेला समुद्र.

या समुद्रात सात लहान बेटे ओळीने होती. त्यांची नावे अशी: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. त्यांच्या उत्तरेला साष्टी नावाचे मोठे बेट होते. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख, असे सांगतात. आजचे वांद्रे, अंधेरी, बोरिवली हे सारे साष्टीत येते.

या बेटांचा खडक कोणता, ठाऊक आहे? आपल्या विहिरीत लागतो तोच काळा पाषाण. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. तापलेला रस बाहेर आला, थिजला, त्याचा दगड झाला. तेव्हा आपला डोंगर आणि मुंबईची टेकडी ही भावंडेच म्हणायची.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते. ओहोटीला काही ठिकाणी चिखल तुडवून एका बेटावरून दुसऱ्यावर जाता येई. भरती आली की होडी हवी.

बेटांवर कोण राहत होते?

सर्वांत जुने रहिवासी कोळी. मासे धरावेत, सुकवावेत, विकावेत, हा त्यांचा धंदा. त्यांची देवी मुंबादेवी. तिच्याच नावावरून मुंबई हे नाव पडले.

पण ही जागा अडाणी, आडबाजूची होती असे समजू नका. जवळच सोपारा हे मोठे बंदर होते. तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचे लिखाण! साष्टी बेटावर कान्हेरीला बौद्ध भिक्षूंनी डोंगरात शंभरावर लेणी कोरली. पावसाचे पाणी साठवायला खडकात टाकी खोदली. घारापुरीच्या बेटावर शिवाची थोर लेणी आहेत.

आपल्या मुलखाचाही या किनाऱ्याशी संबंध होता बरं का! पैठणचा माल जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याला जाई. तिथून गलबते परदेशी निघत. आपल्या नेवाशाला 1954 ते 1956 या काळात उत्खनन झाले. त्यात रोमन देशाच्या घागरींची खापरे निघाली. समुद्रापलीकडची घागर प्रवरेच्या काठी आली, ती याच किनाऱ्याने.

बेटांचे मालक कोण?

पुढे या बेटांवर निरनिराळ्या राजांची सत्ता आली. 1534 साली गुजरातच्या सुलतानाने वसई आणि ही बेटे पोर्तुगीजांना दिली. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले. तेव्हा मुंबई चक्क हुंड्यात दिली! 1668 साली इंग्रज राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भाडे किती? वर्षाला 10 पौंड.

कागद झाले, सह्या झाल्या, मोहरा उठल्या. जाळी टाकून बसलेल्या कोळ्याला कुणी विचारले नाही. त्याला तो कागद वाचताही आला नसता. मंडळी, आपल्या जमिनीचा कागद आपल्याला वाचता यावा, तो याचसाठी.

सातांचे एक कसे झाले?

वरळी आणि मुंबई यांच्यामध्ये मोठे खिंडार होते. भरतीचे पाणी त्यातून आत शिरे आणि सखल जमीन बुडवी. 1784 च्या सुमारास तिथे दगडी बांध पुरा झाला. मग एकेक खाडी बुजत गेली. बेटांवरच्याच टेकड्या फोडून भराव टाकला. 1838 साली कुलाब्याचा रस्ता झाला. 1845 साली माहीम-वांद्र्याचा झाला. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. मग गिरण्या निघाल्या. आपल्या पारनेर-संगमनेरकडची माणसे घाट उतरून कामाला गेली.

माणसाने समुद्र हटवला खरा. पण पाणी आपली वाट विसरत नाही.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या पारनेर-कर्जतकडे दीड वर्षातही एवढा पडत नाही. त्यातच भरती आली. मिठी नदीचे काठ भराव घालून आवळलेले होते. पाण्याला जायला जागा राहिली नाही. ते घराघरांत शिरले. शेकडो माणसे दगावली.

त्या रात्री आजींचा मुलगा छातीएवढ्या पाण्यातून चालत होता. दोन दिवस त्याचा निरोप नव्हता. आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. पोरगा सुखरूप निघाला. पण अजूनही मुंबईला पाऊस म्हटले, की त्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून त्यांनी तो प्रश्न विचारला.

आता आपल्या गावाकडे पाहा. गावाबाहेरचा ओढा दरसाल कोण अरुंद करतो? कुणी बांध सरकवतो, कुणी कचरा टाकतो. ओढा कोरडा आहे म्हणून तो मेला, असे समजू नका. एक दिवस तो येईल आणि आपली वाट मागेल. तेव्हा मुंबईला हसू नका. आधी आपला ओढा मोकळा ठेवा.

आजी पुढच्या महिन्यात मुलाकडे जाणार आहेत. मी त्यांना सांगितले, "आजी, बसच्या पाट्या वाचा. परळ, वरळी, माहीम, माझगाव. ही बेटांची नावे आहेत."

आजींनी ती चारही नावे पाटीवर लिहून दाखवली. 'माझगाव' लिहिताना 'झ' चुकला. त्यांनी तो स्वतःच पुसला आणि पुन्हा नीट काढला.