पस्तीस नंबरचा शर्ट

धारा काढून, चूल आवरून रेडिओजवळ बसला असाल. आज मी खेळाची गोष्ट सांगणार आहे. आपल्याला काय करायचंय खेळाशी, असं म्हणू नका. गोष्ट शेवटी आपल्या गटापाशीच येणार आहे.

माझा भाचा बास्केटबॉलचा वेडा. या खेळात दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असतात आणि उंच टांगलेल्या कड्यातून चेंडू टाकायचा असतो. अमेरिकेत हे सामने रात्री होतात, तेव्हा आपल्याकडे सकाळ असते. शाळेत असताना हा पोरगा दात घासायच्या आधी टीव्हीपुढे बसायचा. त्याचा लाडका खेळाडू केविन ड्युरांट, आणि संघ ओक्लाहोमा सिटी थंडर. बाजारातून ३५ नंबरचा निळा शर्ट आणला होता. तो धुवायलासुद्धा द्यायचा नाही.

ड्युरांट मलाही आवडायचा, तो त्याच्या आईमुळे. २०१४ साली त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं. तेव्हा भर सभेत रडत तो आईला म्हणाला, की खरी मानकरी तूच. तिनं एकटीनं पोरं वाढवली, स्वतः उपाशी झोपून त्यांना जेवू घातलं. ती भाषा आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही.

ओक्लाहोमाच्या लोकांचाही तो घरचाच झाला होता. २०१३ साली शेजारच्या मूर गावावर मोठं चक्रीवादळ आलं, तेव्हा त्यानं मदतीला दहा लाख डॉलर दिले.

मग आलं २०१६. गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाशी सात सामन्यांची झुंज होती. जो आधी चार जिंकेल तो पुढे जाणार. थंडर ३-१ असे पुढे होते. एकच सामना हवा होता. पण वॉरियर्सनी ओळीनं तीन जिंकले. घास तोंडाशी येऊन पडला. आणि पाच आठवड्यांनी, ४ जुलैला, ड्युरांटनं सांगितलं, की मी वॉरियर्सकडे चाललो.

तो गेला याचं दुःख होतंच. पण ज्यांनी हरवलं त्यांच्याच घरी गेला, हे जास्त लागलं. तो संघ आधीच बलाढ्य होता. त्या मोसमात त्यांनी ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. ओक्लाहोमात लोकांनी त्याचे शर्ट जाळले. पुढच्या फेब्रुवारीत तो पाहुणा संघ घेऊन तिथं आला, तेव्हा त्याची हुर्यो उडवली. कुणी छोट्या केकची चित्रं नाचवली. केक म्हणजे मऊ, लेचापेचा, असं हिणवायचं होतं. आमच्या पोरानं शर्ट जाळला नाही, कोपऱ्यात भिरकावला. आमच्या आईनं त्याचं पोतेरं केलं. दोन दिवस तो धड जेवला नाही. मी हसले होते.

मैत्रिणींनो, त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली.

आमच्या मसाल्याच्या गटात एक जण होती. तिच्या हाताची चव अशी, की गिऱ्हाईक आमचं नाव न घेता तिचंच नाव घ्यायचं. सहा वर्षांनी ती गट सोडून गेली, आणि कुठं, तर तालुक्याच्या विक्रीत आमच्या समोर टेबल लावणाऱ्या गटात. आम्ही बोलणं टाकलं. हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तिची सासू वारली, तर दहाव्यालाही आमच्यातलं कुणी गेलं नाही. मीही गेले नाही.

भाचा सुट्टीला आला होता. आता तो मोठा झालाय. त्याला हे कळलं. म्हणाला, "आत्या, तू तर शर्ट जाळलास की."

मग त्यानं एक गोष्ट सांगितली. हा थंडर संघ मुळात ओक्लाहोमाचा नव्हताच. १९६७ पासून तो सिएटल शहराचा होता. ड्युरांट आपलं पहिलं वर्ष तिथंच खेळला. २००८ साली मालकांनी अख्खा संघच उचलून ओक्लाहोमाला नेला. सिएटलची माणसं रडली, ती कुणी मोजली नाहीत. संघ मनाला येईल तेव्हा खेळाडू बदलतो, तो व्यवहार. आणि खेळाडू आपणहून गेला, की तो दगाबाज. म्हणाला, "मला वाईट वाटलं ते खोटं नव्हतं आत्या. पण तो माझा नव्हता. माझी होती ती माझी माया."

रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी उठून मी तिच्या घरी गेले. दहाव्याला आले नाही, माझं चुकलं, असं म्हटलं. तिनं चहा ठेवला. मग कळलं, की आमच्याकडे मिरची हातानं कांडून तिचा खांदा गेला होता. त्या गटाकडे कांडप यंत्र होतं. सहा वर्षांत आम्ही तिला एकदाही विचारलं नाही, की बाई, तुझा हात दुखतो का?

म्हणून सांगते. कुणी गट सोडून चालली, तर आधी का ते विचारा. तिची बचत, तिचा वाटा, हिशेब करून तिच्या हातात द्या. चव एकीच्याच हातात ठेवू नका, मापं वहीत लिहा, दोघींना शिकवा. आणि वाईट वाटलं तर वाटू द्या. सहा वर्षं बरोबर काढल्यावर वाटणारच. पण सुखदुःखाला जाणं थांबवू नका. विक्रीच्या टेबलावर चुरस असू दे, दारात नको.

ड्युरांटला तिकडे २०१७ आणि २०१८ अशी दोन अजिंक्यपदं मिळाली. पुढे तो तिथूनही गेला. आणि थंडर? नवी पोरं घेऊन त्यांनी परत उभारणी केली. ओक्लाहोमात आल्यापासूनचं पहिलं अजिंक्यपद त्यांनी २०२५ साली जिंकलं. त्या दिवशी भाच्यानं फोन केला, "आत्या, आजीला विचार, ते पोतेरं अजून आहे का?"

नव्हतं हो. कधीच फाटून गेलं होतं.

येते मी. नमस्कार.