आमच्या हातून हे होईल का?
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी स्वयंसेवकांच्या वतीने केलेले भाषण)



आम्हां स्वयंसेवकांत डॉक्टर कोणी नाही, परिचारिकाही नाही. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी किराणा दुकानदार, तर कोणी घरच्या रामरगाड्यातून दुपार मोकळी काढणाऱ्या भगिनी. या कामाचे बोलावणे आले तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, आमच्या हातून हे होईल का? ईश्वराने हाक द्यावी ती जाणत्यांना, आमच्यासारख्यांना कशासाठी?

याच सुमारास आयडा स्कडर यांची हकीकत आमच्या वाचनात आली. अमेरिकन मिशनरी डॉक्टरांच्या घरात १८७० साली जन्मलेल्या या मुलीला वडिलांचे कार्य पुढे चालवायचे नव्हते. आईच्या आजारपणामुळे ती मद्रास इलाख्यातील तिंडिवनम येथे आली होती, इतकेच. एका रात्री एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि आणखी एक हिंदू असे तीन गृहस्थ एकामागून एक दाराशी आले. तिघांच्याही पत्नी बाळंतपणात अडल्या होत्या. वडील डॉक्टर होते, जाण्यास तयारही होते; परंतु पुरुष डॉक्टर त्या घरांना चालत नव्हता. त्यांना हवी होती आयडा, आणि आयडाला त्यातले काहीच येत नव्हते. तिघे तसेच परतले. सकाळी कळले की तिन्ही स्त्रिया दगावल्या.

तिने ही ईश्वराची हाक मानली. मात्र पुढच्या बाळंतिणीकडे ती केवळ श्रद्धेच्या बळावर धावली नाही. ती अमेरिकेस गेली, वैद्यकीचे शिक्षण घेऊन कॉर्नेल येथून १८९९ साली डॉक्टर झाली आणि १९०० साली परतली. वेल्लोरला एका खाटेवर आरंभ झाला, १९०२ साली चाळीस खाटांचे रुग्णालय उभे राहिले आणि १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा निघाली. आपल्यापैकी काहींनी आप्तांच्या उपचारांसाठी ज्या वेल्लोरची वाट धरली असेल, ते हेच. आपल्याकडे वरोऱ्याचे वकील बाबा आमटेही कुष्ठरुग्णाला पाहून प्रथम भयाने दूर सरले होते. त्याच रोगाचे शिक्षण घेण्यास ते पुढे कलकत्त्यास गेले.

हे सारे आम्ही वाचले खरे. कळले मात्र उशिरा, आणि तेही स्वतःच्या चुकीने. आरंभीच्या दिवसांत शस्त्रक्रियेची वाट पाहत असलेल्या एका आजोबांनी काकुळतीने पाणी मागितले. आमचे मन द्रवले. आम्ही भांडे भरून दिले आणि पुण्य केल्याच्या समाधानात पुढच्या खाटेकडे वळलो. भूल देण्यापूर्वी पोट रिकामे का ठेवतात, हे आम्ही कोणास विचारलेच नव्हते. आजोबांनीच डॉक्टरांना सांगितले म्हणून बरे, नाहीतर भुलेत पोटातले फुप्फुसात जाऊन जिवावर बेतले असते. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. गावाहून आलेल्या त्यांच्या मुलाचा रोज बुडाला. त्याने आम्हांस एक शब्द लावून बोलला नाही, ते अधिक लागले.

त्यानंतर आम्ही मेट्रनबाईंकडे जाऊन, आम्हांस शिकवा, अशी विनंती केली. हात कसे धुवावेत, रुग्णास एकट्याने का उचलू नये, खाटेवरच्या पाटीवर काय लिहिलेले असते, आणि मुख्य म्हणजे कोणत्या गोष्टीस हात न लावता सिस्टरना हाक मारावी, हे त्यांनी शिकवले. पन्नाशी उलटलेले आम्ही विद्यार्थी, चुकलो की ओरडाही खाल्ला.

देणगीदारांचे ऋण आम्ही जाणतो. आज मागणे आहे ते निराळे. ज्यांचे कोणी नाही, किंवा ज्यांचे आप्त जागरणाने थकून गेले आहेत, अशा रुग्णांजवळ रात्री बसणारी माणसे हवी आहेत. काही येत नसले तरी चालेल. शिकण्याची तयारी मात्र हवी. पुढचा वर्ग येत्या रविवारी सकाळी आहे. नावनोंदणीची वही मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. दुपारचा रकाना भरला आहे, रात्रीचा अजून रिकामा आहे.