माहेरच्या नावाचा माग



स्कॉटलंडमधल्या एखाद्या शेतमजुराच्या घराण्याचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास शोधावयाचा, तर बखरी उपयोगी पडत नाहीत. ही माणसे सहा महिन्यांच्या वा वर्षाच्या कराराने राबत आणि मुदत सरली की बिऱ्हाड हलवीत. जमीन नाही, मग कागद कोठून असणार?

१८४१ पासूनच्या खानेसुमारीत त्यांची नावे सापडतात. मात्र त्या साली मोठ्यांची वये बहुधा पाचाच्या पटीत उतरवून लिहिली आहेत. १८५१ पासून जन्मस्थळही कळते.

खरी किल्ली १ जानेवारी १८५५ पासूनच्या सरकारी नोंदींत आहे. मृत्यूच्या नोंदीत, सांगणाराला ठाऊक असल्यास, मृताच्या आईवडिलांची नावे मिळतात, आणि आईचे माहेरचे आडनावही! त्या साली ऐंशी वर्षांची आजी वारली असेल, तर तिची आई थेट अठराव्या शतकातून आपल्याला भेटते.

या बायांची चित्रे नाहीत, पत्रे नाहीत. माहेरचे नाव तेवढे उरले, आणि त्याच धाग्याने अर्धा वंश हाती लागतो.

आपल्या पणजीचे माहेर आपणांस ठाऊक आहे काय? घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा.