वाटी दुसऱ्यांदा बदलायची, तर मळवलीहून कुठे जायचं?

आजचा एपिसोड तुमच्या घरातल्या सिनियर लोकांच्या गुडघ्यांबद्दल आहे. हेडफोन लावून ऐका, पण नंतर जेवताना घरात विषय नक्की काढा.

मी मळवलीचा. आमच्या मावळात इंद्रायणी तांदळाचं कौतुक सगळे करतात, पण चिखलात दिवसभर वाकून भात लावणाऱ्या बायकांचे साठीतले गुडघे कुणी बघत नाही. मग कधीतरी डॉक्टर सांगतात, "वाटी बदलावी लागेल."

आता वाटी बदलणे हा आपला बोलीतला शब्द. खरं तर मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं कापून त्यावर धातूचे भाग बसवतात, मध्ये प्लास्टिक. पहिल्यांदा होणारं साधं ऑपरेशन आता खूप ठिकाणी होतं आणि बहुतेकांचं चांगलं होतं. माझा मुद्दा त्याबद्दल नाही. मुद्दा आहे दुसऱ्यांदा करायच्या ऑपरेशनचा, म्हणजे रिव्हिजनचा.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे उदाहरण तिथलंच. पहिली सर्जरी म्हणजे कोऱ्या लॅपटॉपवर सिस्टिम टाकणं. रिव्हिजन म्हणजे दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी लिहिलेला कोड, डॉक्युमेंटेशन शून्य, आणि बदल चालू सिस्टिममध्येच करायचा. जुना इम्प्लांट काढताना हाड आणखी जातं. किती गेलंय हे अनेकदा टेबलावरच कळतं, म्हणून वेगवेगळ्या मापांचे, लांब दांड्याचे भाग हाताशी लागतात. जंतुसंसर्ग असेल तर काम बऱ्याचदा दोन टप्प्यांत: आधी सगळं काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवायचा, काही आठवडे औषधं, मग नवा सांधा. इथे एकटा सर्जन पुरत नाही. कोणता जंतू आहे हे शोधणारी लॅब हवी, आयसीयू हवा, जखम भरली नाही तर प्लास्टिक सर्जन हवा.

माझ्या आत्याला हेच झालं. पहिल्या ऑपरेशनला नऊ वर्षं झाली होती, गुडघा सुजायचा, रात्री ठणकायचा. जवळच्या एका हॉस्पिटलमधून सांगितलं, "रविवारी मोठे डॉक्टर येतात, करून देतील." घरात दोन तट पडले. काका म्हणाले, "जवळ आहे ते बरं. पुण्याला डबा कोण नेणार?" प्रश्न अगदी रास्त होता. मी एवढंच विचारलं, "डॉक्टर रविवारी संध्याकाळी परत गेले आणि बुधवारी ताप आला, तर बघणार कोण?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

डॉक्टरने पेशंटकडे यायची पद्धत वाईटच असते असं नाही. वाजपेयी पंतप्रधान असताना 2000 आणि 2001 मध्ये त्यांच्या गुडघ्यांची ऑपरेशन्स मुंबईत ब्रीच कँडीला झाली, आणि त्यासाठी डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. पण तिथे मागे अख्खं हॉस्पिटल उभं होतं. आपल्याकडे रविवारी फक्त सर्जन येतो, टीम येत नाही.

इंग्लंडमध्ये यावर डोकं लावून काम झालंय. तिथे 2003 पासून सांधेरोपणांची राष्ट्रीय नोंदवही आहे. 2012 मध्ये टिम ब्रिग्ज या ऑर्थोपेडिक सर्जनने अहवाल लिहिला, मग टीम घेऊन हॉस्पिटलं पालथी घातली आणि प्रत्येकाला त्याचाच डेटा दाखवला. वर्षाला अगदी मोजक्या रिव्हिजन करणारे सर्जन त्यात उघडे पडले. आता तिथे गुडघ्याच्या रिव्हिजनसाठी नेटवर्क आहेत: अवघड केसवर आधी मोठ्या केंद्राशी चर्चा होते आणि गरज पडली तर पेशंट तिकडे जातो.

आपल्याकडे सोय नाही असं समजू नका. शिवाजीनगर स्टेशनवर उतरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर संचेती हॉस्पिटल आहे. डॉ. के. एच. संचेतींनी 1965 मध्ये सुरू केलेलं, खास हाडांचं. भारतीय पेशंटसाठी 'इंडस' हा कृत्रिम गुडघाही त्यांचाच. (जाहिरात नाही हां, आत्याला कुठे नेलं ते मी मुद्दाम सांगत नाहीये.) म्हणजे अवघड काम करणारी केंद्रं लोकलच्या टप्प्यात आहेत. कुठली केस कुठे जावी याचा नियम मात्र नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली: साधा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा 54,720 रुपये, रिव्हिजनचा 1,13,950, जीएसटी वेगळा. चांगलं केलं. पण तो भाग कुणी बसवायचा, याबद्दल त्यात काहीच नाही.

आणि काकांच्या डब्याचं काय? केंद्रीकरण म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायलाच हवं. आम्ही पुण्याला गेलो, दोन टप्पे झाले, आत्या आता बांधापर्यंत काठी घेऊन जाते, उकिडवी बसत नाही. पण दर तपासणीला दुपारी लोकल नसल्याने अख्खा दिवस मोडायचा. टाके बघणं, रक्त तपासणं, व्यायाम करून घेणं यासाठी शिवाजीनगर कशाला? तळेगावला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. पुण्याच्या सर्जनने रिपोर्ट फोनवर बघावेत, बाकीचं तळेगावात व्हावं. माझ्या मते सुरी एका जागी आणि उरलेलं सगळं घराजवळ, असं ठरलं तरच हे लोकांना झेपेल.

जाता जाता एक काम. 2010 मध्ये डीप्यू कंपनीने 'एएसआर' नावाचा खुब्याचा इम्प्लांट जगभरातून परत मागवला. भारतात त्याची सुमारे 4,700 ऑपरेशन्स झाली होती. त्यातल्या साधारण 3,600 पेशंट्सचा पत्ताच लागला नाही, असं सरकारने नेमलेल्या समितीच्या कामातून समोर आलं. कुणाच्या शरीरात काय बसवलंय याची सक्तीची नोंद आपल्याकडे नव्हती. आजही सर्जनांच्या संघटनेची रजिस्ट्री आहे, पण त्यात माहिती भरणं ऐच्छिक.

इम्प्लांटच्या खोक्यात स्टिकर असतात, त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट नंबर. ते केसपेपरला चिकटवतात. घरात कुणाचा सांधा बदलला असेल तर फाइल उघडा, त्या स्टिकरचा फोटो काढा. आत्याचं पहिलं स्टिकर मिळालं नव्हतं, त्यामुळे पुण्याच्या सर्जनला एक्स-रे बघून मॉडेल ओळखावं लागलं. फाइल नसेल तर ऑपरेशन झालं तिथे अर्ज करून रेकॉर्डची प्रत मागा.