धावपट्टीवरील रात्र

(निगडी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



लोहगावची धावपट्टी 26 ऑक्टोबर 2020 पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ बंद ठेवण्यात आली होती. धावपट्टी हवाई दलाची, आणि तीही एकच. दिवसा विमाने, रात्री दुरुस्ती, असा तो क्रम; अखेरीस 16 ऑक्टोबर 2021 पासून चौदा दिवस नागरी उड्डाणे पूर्णच थांबली. प्रवाशांची गैरसोय, कारखानदारांची अडचण यांवर आपल्या पट्ट्यात पुष्कळ बोलले गेले. ते रास्तच होते. रात्री राबणाऱ्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

चालू विमानतळावरील बांधकाम हे वेगळेच प्रकरण आहे. विमाने उभी करण्याचा तळ बहुधा काँक्रीटचा असतो. सांडलेले इंधन डांबराला विरघळवते, उभ्या विमानाच्या भाराने डांबर खचते. पण काँक्रीटला घाई चालत नाही. त्याची ठरलेली ताकद 28 दिवसांनी मोजतात, आणि सुरुवातीचे कित्येक दिवस ते ओले ठेवावे लागते. एवढी उसंत नसेल तेथे काही तासांत घट्ट होणारे महाग मिश्रण वापरतात. शिवाय पट्टी ताब्यात देण्यापूर्वी खडा न् खडा झाडून काढावा लागतो, कारण इंजिनात खेचली गेलेली एखादी खडीही घात करू शकते. म्हणजे शरीर सर्वांत थकलेले असते, नेमका तोच तास सर्वाधिक दक्षतेचा.

सिमेंटला घाई करावयाची तर जादा किंमत पडते आणि ती अंदाजपत्रकात नोंदली जाते. माणसाला घाई केल्याची किंमत त्याच्या झोपेतून वसूल होते. तिला रकाना नाही.

काम रात्रीच व्हावे, हा काही निसर्गनियम नव्हे. मुंबईची मुख्य धावपट्टी नोव्हेंबर 2019 पासून काही महिने सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेपाच बंद ठेवून दुरुस्त करण्यात आली. मुंबईला दुसरी, छेदणारी का होईना, धावपट्टी होती. पुण्याला नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझा आक्षेप रात्रपाळीला नाही, तिच्या हिशेबाला आहे.

बांधकाम मजुरांसाठी 1996 साली कायदा झाला, बांधकाम खर्चावर 1 ते 2 टक्के उपकराची तरतूद झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले आहेत. पैसा जमा होतो. अडते ते नोंदणीपाशी. 1996 च्या कायद्याने मजुराकडून वर्षातील नव्वद दिवसांच्या कामाचा पुरावा मागितला. ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम अशा उतरंडीच्या तळाशी असलेल्याला तो दाखला कोणी द्यावयाचा? दोन महिन्यांत काम संपते, मजूर दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि त्याचे दिवस पुन्हा शून्यापासून मोजले जातात.

विमानतळाच्या कुंपणाआड आपल्याला प्रवेश नाही. पण पिंपरी ते निगडी मेट्रोचे खांब वाहत्या रस्त्याच्या मधोमध उभे राहताना आपण रोज पाहिले. प्रश्न तोच होता. तेव्हा अशा कामावर रात्री अकरानंतर जा आणि विचारा: दाखला कोण देतो, जादा तासांना दुप्पट दर मिळतो का, आणि पहाटे परत नेणारी गाडी कोणाची आहे?