लांबच्या यंत्राला पाठवलेला निरोप

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "तू नेमकं काय काम करतोस ते सगळ्यांना कळेल असं सांग, आणि पंधरा मिनिटांत आटप, मागं जेवण गार होतंय." माझ्या आईला ते वीस वर्षांत नीट सांगता आलेलं नाही. तरी प्रयत्न करतो आणि सुरुवात आपल्या शाळेतल्याच एका वस्तूपासून करतो.

सूचनावही आठवते का? तास चालू असताना शिपाईमामा ती घेऊन दारात उभे राहायचे. बाई शिकवणं थांबवून सूचना मोठ्यानं वाचायच्या, खाली सही करायच्या आणि मामा पुढच्या वर्गाकडे जायचे. सूचनेखाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का असायचा. कोणत्या वर्गाला सूचना मिळाली आणि कोणत्या वर्गाची राहिली, हे वही उघडली की कळायचं. एकदा वही न फिरवता तोंडी निरोप आला होता, "उद्या सकाळची शाळा." तो वरांड्याच्या टोकाला आपल्या वर्गापर्यंत पोहोचेस्तोवर "उद्या शाळेला सुट्टी" झाला होता. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर होता. त्या निम्म्यांत मी होतो, हे सरांनी आज इतक्या वर्षांनी माफ करावं.

माझं काम या सूचनावहीचंच आहे. फक्त माझे वर्ग शंभर-दीडशे गावांत पसरलेले आहेत आणि वर्गात बाईंऐवजी एक लहानसा कॉम्प्युटर बसलेला आहे.

आम्ही दूध संकलन केंद्रांवर एक डबा बसवतो. शेतकरी किटली घेऊन येतो, काट्यावर लिटर दिसतात, फॅट मशीनवर फॅट आणि एसएनएफ दिसतं. आमचा डबा हे आकडे घेतो, दरपत्रकानुसार दर लावतो आणि पावती छापतो. गाईच्या दुधाचा दर साधारणपणे 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, म्हशीचा 6 आणि 9 धरून. पुढे प्रत्येक पॉइंटला पैसे वर-खाली होतात. म्हणजे त्या चिटोऱ्यावरच्या दशांश चिन्हात घरचा किराणा असतो. हा हिशोब दूरच्या मोठ्या सर्व्हरवरही करता येईल. पण गावात वीज जाते, रेंज जाते आणि दूध कोणासाठी थांबत नाही. म्हणून हिशोब केंद्रावरच व्हावा लागतो. इंटरनेटच्या जाळ्याच्या अगदी काठावर, जिथं काम घडतं तिथंच बसवलेलं यंत्र, म्हणून त्याला 'एज डिव्हाइस' म्हणतात. एज म्हणजे काठ.

डबा एकदा बसवला की काम संपत नाही. दरपत्रक बदलतं, प्रोग्रॅममध्ये चुका सापडतात, नवं फॅट मशीन येतं. प्रत्येक वेळी नवा प्रोग्रॅम सगळ्या डब्यांत जायला हवा, आणि तोही इथं बसून. आता मी माझी फजिती सांगतो. तिचा एक साक्षीदार इथंच दुसऱ्या ओळीत बसून हसतोय.

काही वर्षांपूर्वी आम्ही मोजके लोक होतो आणि आमचे डबे 140 केंद्रांवर होते. नवं काही पाठवायचं असेल तर मी लॅपटॉपवरून एकेका डब्यात शिरून आज्ञा देणारी एक छोटी स्क्रिप्ट चालवायचो. कुठं लिहून ठेवलेलं नाही, दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. एका रात्री मी डब्यातल्या सिमकार्डाची एक नोंद बदलली. इंटरनेटकडे कोणत्या दारानं जायचं हे सांगणारी ती नोंद असते. माझ्या टेबलावरच्या डब्यावर सगळं छान चाललं. 140 डब्यांना आज्ञा दिली आणि झोपलो. त्यांपैकी 46 डब्यांत दुसऱ्या कंपनीचं सिम होतं, हे मी विसरलो होतो. ते 46 डबे इंटरनेटवरून गायब झाले. त्यात माझीच आणखी एक जुनी चूक निघाली. प्रोग्रॅम सुरू होताना सर्व्हरवरून दरपत्रक मागायचा आणि ते येईपर्यंत नुसता थांबून राहायचा. नेट नाही म्हणून दरपत्रक नाही, दरपत्रक नाही म्हणून पावती नाही. आणि मी इथून दुरुस्ती पाठवणार कशी? जायचं दारच मी बंद केलं होतं.

सकाळी सहाला फोन आला. दुसऱ्या ओळीतला आपला हा मित्र त्याच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे. म्हणाला, "अरे, तुझा डबा मेलाय आणि माझ्या दारात साठ माणसं उभी आहेत." दोन गाईंचं दूध घालणाऱ्या एक मावशी त्याला म्हणत होत्या, "पावती नाही तर माझं फॅट किती लागलं ते कशावरून?" त्यांचं बरोबरच होतं. दहा दिवसांचं बिल त्या पावत्यांवर निघतं.

यानं काय केलं ते सांगतो. कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं. प्रत्येकाला फॅट मशीनवरचा आणि काट्यावरचा आकडा दाखवला, तो रजिस्टरमध्ये लिहिला आणि समोर सही किंवा अंगठा घेतला. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. मी त्या काळात मेमरी कार्डं घेऊन गावोगाव फिरत होतो. त्यातली कितीतरी गावं याच्याच मोटारसायकलवर मागं बसून केली. बिलाच्या दिवशी रजिस्टर आणि दर लावून सगळा हिशोब जुळला. कुणाचा एक रुपया गेला नाही, पण त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

त्या मोटारसायकलवर मला सूचनावही आठवली. मी दीडशे वर्गांना तोंडी निरोप पाठवत होतो.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. आता डब्याला "हे कर, ते कर" असं सांगत नाही. एका फाइलमध्ये लिहून ठेवतो की डबा कसा असायला हवा: प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती, कोणतं दरपत्रक, कोणत्या सिमला कोणती नोंद. डबा ती फाइल वाचतो, स्वतःकडे पाहतो आणि जो फरक असेल तेवढाच बदलतो. त्या वेळी वीज गेलेली असेल तर वीज आल्यावर वाचतो. तोंडी आज्ञा त्याची हुकली असती, लिहिलेली हुकत नाही. प्रत्येक डब्याचं सध्याचं आणि हवं असलेलं रूप सर्व्हरवर नोंदलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत त्याला 'ट्विन' म्हणजे जुळं म्हणतात, ॲमेझॉनच्या व्यवस्थेत 'शॅडो' म्हणजे सावली. ॲमेझॉनच्या ग्रीनग्रास या व्यवस्थेत तर प्रोग्रॅम कसा बसवायचा आणि चालवायचा हे सांगणाऱ्या फाइलला चक्क 'रेसिपी' म्हणतात.

या फाइली आम्ही प्रोग्रॅमसारख्याच 'गिट'मध्ये ठेवतो. कोणती ओळ कुणी, कधी आणि का बदलली हे त्यात राहतं. दुसऱ्या माणसानं वाचून होकार दिल्याशिवाय माझा बदल पुढे जात नाही. पाठवलेल्या प्रोग्रॅमवर डिजिटल सही असते आणि ती पटली नाही तर डबा तो घेतच नाही. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का नसलेली सूचना बाई वाचत नसत, तसंच.

पण फाइलमध्ये चूक असेल तर तीही तितक्याच शिस्तीनं सगळीकडे जाते, हे मला उशिरा कळलं. 19 जुलै 2024चा शुक्रवार तुम्हाला आठवत असेल. विमानतळांवर स्क्रीन निळे पडले आणि आपल्या देशात प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर एकाच वेळी गेली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे 85 लाख कॉम्प्युटर बंद पडले. कंपनीनं फाइल दीड तासाच्या आत मागं घेतली. पण जे कॉम्प्युटर सुरूच होत नव्हते त्यांना दुरुस्ती मिळणार कशी? माणसांना एकेका मशीनपाशी जाऊन ती फाइल हातानं काढावी लागली. टीव्हीवर ते हस्तलिखित पास पाहताना मला आपल्या मित्राचं रजिस्टर दिसत होतं.

म्हणून किती वेगानं पाठवायचं हेही आम्ही त्याच फाइलमध्ये लिहितो. आधी पाच केंद्रं. दोन्ही कंपन्यांची सिमं, सगळ्यांत जुना डबा, वीज सतत जाणारं गाव, असं मुद्दाम निवडलेलं. मग दोन वेळचं दूध होऊ द्यायचं, मग वीस केंद्रं, मग उरलेली. मध्येच ठरावीक संख्येपेक्षा जास्त ठिकाणी बिघडलं तर पाठवणं आपोआप थांबतं. दुधाच्या वेळेला काहीही पाठवायचं नाही. सकाळी अकरा ते दुपारी तीन, बस. पहिल्या पाचांत या मित्राचं केंद्र आहे. त्यानंच सांगितलं, "आधी माझ्याकडे पाठव. बिघडलं तर शिव्या द्यायला तुझा नंबर आहेच."

आणि शेवटची गोष्ट, परतीची वाट. आमच्या डब्यात आता प्रोग्रॅमला दोन जागा आहेत. जुना एका जागेत शाबूत राहतो, नवा दुसऱ्या जागेत बसतो. नव्यानं सुरू झाल्यावर ठरलेल्या वेळेत नेट पकडलं नाही किंवा पावती छापली नाही, तर डबा कुणाला न विचारता जुन्यावर परत जातो. पावतीची अट महत्त्वाची आहे. डबा नुसता चालू आहे एवढं पाहून भागत नाही, तो ज्यासाठी बसवलाय ते काम झालं का हे पाहावं लागतं. दरपत्रकाची शेवटची प्रतही आता डब्यातच राहते.

परतीची वाट नसली की काय होतं याचं मोठं उदाहरण मंगळावर आहे. अमेरिकेचं व्हायकिंग-1 हे यान 20 जुलै 1976 रोजी तिथं उतरलं. 90 दिवसांसाठी पाठवलेलं यान सहा वर्षं चाललं. नोव्हेंबर 1982मध्ये बॅटरीच्या चार्जिंगसाठी पृथ्वीवरून नवं सॉफ्टवेअर पाठवलं गेलं आणि त्यानं चुकून अँटेना पृथ्वीकडे वळवण्याची माहितीच पुसली. यानाचा आवाज बंद झाला. तिथं मोटारसायकलवर कोण जाणार?

माझ्या नव्या सहकाऱ्यांना मी हे दोन प्रसंग सांगतो, एक मंगळाचा आणि एक आपल्या तालुक्याचा. मग विचारतो: तुम्ही पाठवलेलं चुकीचं निघालं, तर ते परत कसं घ्याल? याचं उत्तर लिहिलेलं नसेल तर पाठवू नका.

आता जाता जाता. आपल्या शास्त्राच्या सरांनी प्रयोगवहीत खाडाखोड चालवून घेतली, पण पान फाडू दिलं नाही. "काय चुकलं तेही दिसू दे," म्हणायचे. सर, ते मला तेव्हा जाचक वाटायचं. आज माझं सगळं काम त्यावरच चालतं. आपल्या शाळेच्या संगणक कक्षाला मी दोन जुने, पण चालू डबे आणलेत. मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर महिन्यातून एका शनिवारी येऊन नववीच्या मुलांना ते उघडून दाखवीन. आणि सचिवसाहेबांना विनंती आहे, त्यांनी ते तीन दिवसांचं रजिस्टर एकदा घेऊन यावं. मुलांना डब्याआधी ते दाखवायचं आहे.

पंधरा मिनिटं झाली.